धाकट्याची साखर, ताईची साखर

१२ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या साखरेची चौकशी करायला हे पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा लगेच फाडू नकोस. हे माझ्या साखरेबद्दल आहे.

हो, माझ्या. हसायचं तर हसून घे.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या नाटक कंपनीकडून मिळवला. फोनवरच्या बाई आधी ओळखच दाखवेनात. मग मी म्हटलं, पडदे रंगवायचा तो, उंच, डावखुरा. "आभाळवाले का? मग असं सांगा ना!" म्हणाल्या. म्हणजे इतकी वर्षं तू लोकांसाठी आभाळं रंगवतोयस आणि आम्हाला पत्ताच नाही.

मी अजून त्याच तलावावर आहे. मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. वरचं छप्पर आता काचेचं केलंय. दुपारी उजेड पाण्यावर पडतो, तिथून उसळून भिंतींवर आणि खांबांवर जातो आणि सगळी इमारत हळूहळू डुलायला लागते. अशा वेळी काठावर उभी असले तरी वाटतं, आपण तळाशी आहोत आणि वरून कोणीतरी पोहतंय.

गेले काही महिने मला सारखं तसंच वाटत होतं. दिवसभर छातीभर पाण्यात उभी आणि घसा मात्र कोरडा ठणठणीत. शिकवता शिकवता मध्येच बाहेर यायचं, कपडे बदलायच्या खोलीत जायचं आणि नळाला तोंड लावायचं. स्वप्नंही पाण्याचीच. एकदा स्वप्नात मी आख्खा तलाव पिऊन टाकला आणि कोरड्या फरशीवर उभी राहून आमच्या शिंप्याला सांगत होते, "पाय मारा, पाय मारा." हा शिंपी माझ्या वर्गात येतो. पाण्याला असा घाबरतो की उतरताना डोळे मिटून घेतो.

तू लहानपणी फुलदाणीतलं पाणी प्यायला होतास, फुलं बाजूला करून. ते मला लख्ख आठवतं. तरी मला माझी तहान ओळखू आली नाही. स्वतःच्या बाबतीत माणूस किती ठोंब्या असतो बघ.

तलावावरच्या लोकांची दरवर्षी तपासणी होते, त्यात सापडलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांत आहेत. "घरात कोणाला आहे का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "भावाला आहे. पण त्याची वेगळी. लहानपणापासूनची, इंजेक्शनवाली."

"तुमची बहुतेक दुसरी. मोठ्या वयात येते ती. गोळ्या, जेवण आणि व्यायाम यांनी आटोक्यात राहते. आणि व्यायामाचं तुम्हाला मी काय सांगणार!"

खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

आईच्या शेवटाला तू आला नाहीस, त्याबद्दल या पत्रात एक अक्षर काढायचं नाही असं ठरवून बसले होते. हे वाक्य निसटलंच. असू दे.

उत्तर पाठवच असं नाही. पाठवलंस तर तलावाच्या पत्त्यावर पाठव, घरी मी नसतेच.

ताई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. मी म्हटलंच होतं की पाठवच असं नाही, पण तू माझं इतकं ऐकशील असं वाटलं नव्हतं.

मी सगळं नियमाने करतेय. गोड बंद. मग कळलं की नुसतं गोड बंद करून भागत नाही. भात, पाव, बटाटा, सगळ्याची पोटात गेल्यावर साखरच होते. आता ताटात भाजी डोंगराएवढी आणि भात तिच्या पायथ्याशी, कोणी विसरून गेल्यासारखा. जेवण झालं की चालते. सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी रिकाम्या तलावात पोहते. त्या वेळी पाणी इतकं निवांत असतं की आपल्याच हाताचा आवाज लांबून कोणीतरी आपल्याला हाक मारावी तसा येतो.

आणि तरी साखर उतरत नाही. बोट टोचायचं यंत्र घेतलंय. पाण्यात राहून माझी बोटं मऊ पडलेली, थेंब पटकन येतो. आकडा मात्र हटून बसलेला.

वजन मात्र भराभर उतरतंय. पोहायचा पोशाख खांद्यावरून घसरायला लागला. शिंप्याने न सांगता माप ओळखून बाजूने टाके घातले. सगळे म्हणतात, काय छान बारीक झालात! मला जिना चढताना मध्येच बसावं लागतं, हे कोणाला दिसत नाही. बसले की डुलकी लागते. डुलकीत आपलं जुनं स्वयंपाकघर दिसतं. आई स्टोव्हवर काचेची नळी धरून उभी, नळीत ते निळं औषध आणि तुझ्या लघवीचे थेंब. उकळल्यावर निळं राहिलं तर आईचा चेहरा निवळायचा. हिरवं झालं तर ती गप्प. आणि विटकरी झालं की संपलंच. मी दारात उभी राहून नळीकडे नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघायचे. तू नळीकडे बघायचास, रंग बघायला मिळतोय म्हणून खूश.

काल आमच्या तिकीटवालीने मला बाजूला घेतलं. ही माझी इथली एकुलती एक मैत्रीण. तोंडाने फटकळ, पण माझ्यावर जीव. म्हणाली, "खरं सांग. चोरून खातेस ना?"

"नाही गं."

"मग आकडा कसा चढतो? हवा खाऊन?"

 आणि समोर ती नव्हतीच. समोर आई होती, तुझ्या चड्डीच्या खिशात बोट घालून ते चाटून बघणारी. आणि तू भिंतीला पाठ लावून म्हणत होतास, "नाही खाल्लं, आई. खरंच नाही." खरं बोलूनही खोटं ठरणं म्हणजे काय असतं, ते मला काल कळलं. घरी गेल्यावर नाही, तिथेच, तिकिटाच्या खिडकीपाशी.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी भाऊ कार्ड पाठवतो आणि त्यात "प्रिय ताई" नाही, "कशी आहेस" नाही, नुसते प्रश्न! वजन किती दिवसांत उतरलं? पोहूनही आकडा तसाच का? रात्री उठावं लागतं का? नजर धूसर होते का? भूक लागते का आणि खाऊनही गळल्यासारखं वाटतं का? पोलीससुद्धा आधी पाणी विचारतात रे.

वजन महिन्याभरात उतरलं, बाकी सगळ्यांचं उत्तर हो आहे. झालं समाधान?

आणि खाली ते एक वाक्य. "मला वाटतं तुझी माझ्यासारखीच आहे. मोठ्यांनाही होते, हळूहळू येते, म्हणून आधी दुसरी वाटते. डॉक्टरांना त्यासाठीची रक्ततपासणी विचार."

नाही विचारणार.

तुला वाईट वाटेल, पण लिहिते. आपल्या घरात एक आजारी होता आणि एक धडधाकट होती. मी धडधाकट. तुला टोचताना मी अंगणात जायचे आणि कान झाकून घ्यायचे, आठवतं? सुई उकळायच्या भांड्याचा नुसता आवाज आला तरी मी ताट सोडून उठायचे. मी पोहायला शिकले ते त्यासाठीच, असं मला आता वाटतं. पाण्याखाली घरातलं काही ऐकू येत नाही. सगळं आयुष्य मी निरोगी असण्यावर काढलंय. आता या वयात मला तुझा आजार नकोय. माझा माझा दुसरा, साधा, गोळ्यांचा, तोच असू दे.

डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली आहे. बघू.

कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस तेही वाचलं. उलट्या, पोटात कळा, खोल खोल श्वास आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. तू भिववायला लिहिलंयस असं समजून मी ते कार्ड तिकीटवालीच्या काचेला चिकटवून ठेवलं. समोरच्या बाजूला तुझ्या नाटकाचं चित्र आहे ना, जांभळं आभाळ. ते लोकांना दिसतं. मागची बाजू तिच्याकडे. ती दिवसभर वाचत बसते आणि मला म्हणते, "भाऊ तुझा फटकळ आहे. आवडला मला."

ताई


१० मार्च, दवाखाना

प्रिय धाकट्या,

अक्षर वाकडं आहे, हाताला सलाईन लावलंय. आज पहिल्यांदा उठून बसले.

तुला तिकीटवालीने फोन केला होता म्हणे, तुझ्या कंपनीत. काय काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून मी माझ्या बाजूने लिहिते.

त्या दिवशी सकाळपासून मळमळत होतं. मी म्हटलं, काल रात्रीचं बाधलं असेल. दोनदा उलटी झाली तरी वर्ग घ्यायला गेले. शिंपी आणि बाकीचे कठड्याला धरून पाय मारत होते. उजेड भिंतींवर चढत होता, आणि मला वाटायला लागलं की तो माझ्या आतून येतोय. श्वास मोठमोठे येत होते, पोहून आल्यासारखे, आणि मी तर पाण्यात उतरलेही नव्हते. पोटात कळ आली. पण सगळं लांबचं वाटत होतं, दुसऱ्या कोणाचं तरी. मी काठावरच्या खुर्चीत बसले. इतकं छान वाटलं बसून! कोणीतरी पांघरूण घालतंय असं. तुझं ते जांभळं आभाळ खाली उतरलं, पाण्याला टेकलं, आणि त्यावर आई चालत आली, पायात चपला नाहीत. मला म्हणाली, "झोप आता."

मी झोपलेही असते. पण तिकीटवाली माझ्यासाठी चहा घेऊन आली, बिनसाखरेचा, आणि माझ्या तोंडाजवळ वाकून ओरडली, "अगं, हिच्या तोंडाला फळांचा वास येतोय!"

शिंपी पाण्यातून म्हणाला, "चांगलं आहे की."

"चांगलं कसलं डोंबलाचं! कार्डावर लिहिलंय!"

मग तिने खिडकी उघडी टाकली, रांग तशीच सोडली आणि मला गाडीत घातलं. शिंपी ओल्या अंगाने पुढे बसला होता असं कळलं. दवाखान्यात तिने काय सांगितलं माहीत आहे? "हिला हिच्या भावाचा आजार आहे. भावानेच कळवलंय." आणि काचेवरून उपटून आणलेलं कार्ड डॉक्टरांच्या हातात दिलं.

आमच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "तपासणी पाठवली आहे. मला तुमच्या भावाचं बरोबर वाटतंय. तुम्ही पोहणाऱ्या, बारीक, घरात आधीच एक. माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं." मी म्हटलं, "मला भावाने सांगितलं होतं. मीच तुम्हाला विचारलं नाही." 

त्यांनी मला समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत तुला कोणी असं समजावलं होतं का रे? म्हणाल्या, साखर ही शत्रू नाही, ते सरपण आहे. अंगातल्या प्रत्येक खोलीत ते पोचवायला दार उघडावं लागतं आणि इन्सुलिन म्हणजे त्या दाराची कडी काढणारा हात. माझ्या अंगाने चुकून ते हात बनवणारा कारखानाच परका समजून मोडत आणलाय. म्हणून दारात सरपणाचा ढीग आणि आत चूल थंड. आतले बिचारे मग घरातलीच लाकडं जाळायला लागले, त्याच धुराचा तो फळांचा वास. "तुम्ही काही खाऊन हे ओढवून घेतलेलं नाही," म्हणाल्या. हे वाक्य त्या दोनदा बोलल्या. दुसऱ्यांदा बोलल्या तेव्हा मला रडू आलं. माझ्यासाठी नाही. तू भिंतीला पाठ लावून उभा दिसलास.

ताई


१२ मार्च, दवाखाना

प्रिय धाकट्या,

काल तुझा फोन आला, आणि मी इतकी गडबडले की निम्मं बोलायचं राहिलं. फोनवर आपल्याला जमत नाही. आधी दोघंही गप्प, मग दोघंही एकदम. म्हणून जे बोललो तेच पुन्हा लिहून बघते. नीट ऐकलं ना मी?

मी म्हटलं, "आईच्या वेळी का नाही आलास?" इतकं सरळ. दवाखान्यात माणसाला लाज राहत नाही.

तू म्हणालास, "तू आता जिथे आहेस ना, तिथेच होतो. अशाच पलंगावर."

"काय झालं होतं?"

"ताप. साधा ताप. जेवण जाईना म्हणून इंजेक्शन घेतलं नाही. खाल्लंच नाही तर कशाला, असं वाटलं. आजारपणात तेच करायचं नसतं, ताई. न जेवताही लागतं. ते मला तेव्हा पक्कं माहीत नव्हतं."

"कळवायचंस की!"

"काय कळवू? आई गेली आणि पोरगा साखर वाढवून पडलाय? सगळे काय म्हणाले असते?"

 काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. खाल्लं असेल काहीतरी.

मग तू विचारलंस, "आई शेवटी काय बोलली?" आणि मी म्हटलं, "नंतर सांगते," आणि तेवढ्यात नर्स आली. ते आता लिहिते. शेवटचे दिवस आई आम्हाला ओळखत नव्हती. पण दवाखान्यात जेवणाचं ताट आलं की ते हाताने अडवायची आणि म्हणायची, "त्याचं आधी टोचून झालंय का? टोचल्याशिवाय वाढू नका." प्रत्येक ताटाला. नर्सला वाटायचं, ती स्वतःबद्दल बोलतेय. मी तुला हे सांगत नव्हते, कारण तू आला नाहीस म्हणून मला तुला ते द्यायचंच नव्हतं. आता घे.

तपासणीचा निकाल आला. तुझीच.

नर्सने आज मला स्वतःच्या हाताने टोचायला लावलं. बारीक पेनासारखं असतं आता, सुई पापणीच्या केसाएवढी. तरी मी पोटाची चिमूट धरून बसले आणि हात पुढे जाईना. नर्स म्हणाली, "घाई नाही." मी डोळे मिटले. मग मला शिंपी आठवला, डोळे मिटून पाण्यात उतरणारा, आणि मीच त्याला रोज सांगते, "डोळे उघडे ठेवा, पाणी दिसलं की भीती कमी होते." डोळे उघडले. टोचलं. मुंगीने सुद्धा याहून जास्त मन लावून चावलं असतं.

यासाठी मी अंगणात पळून जायचे! तुझी सुई मात्र जाड होती, ते मला माहीत आहे.

ताई


१९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझी कार्डं येतायत. आता त्यावर "प्रिय ताई" असतं, त्यामुळे तिकीटवालीला वाचायला मजा येत नाही म्हणते.

तू लिहिलंस ते सगळं करून बघतेय. जेवायच्या आधी आकडा बघायचा, ताटात काय आहे ते बघायचं आणि त्या मानाने औषध. दर वेळी एकाच जागी टोचायचं नाही. रोज पाय बघायचे, तळव्यांना आरसा लावून. ओल्या फरशीवर मी जन्मभर अनवाणी चाललेली, आता रबरी चपला घालते. पायांची जाणीव पुढे कमी होऊ शकते, म्हणून आधीपासून जपायचे. डोळेही तपासून आले. डोळ्याची बाहुली मोठी करायचं औषध घातल्यावर सगळं जग इतकं उजळलं की रस्त्यावरचे दिवे मला फुललेले दिसत होते. तू नेमाने तपासून घेतोस ना? बघ, आलेच चौकशीवर. खोडलं असं समज.

पण एक गोष्ट तू नीट लिहिली नव्हतीस. साखर उतरते तेव्हा कसं वाटतं ते. तू लहानपणी म्हणायचास, "ताई, भिंती मऊ झाल्या." मला वाटायचं, तू गमती करतोस.

परवा सकाळी पोहून आले आणि न खाता थेट वर्गावर उभी राहिले. पाण्यात पोटरीपर्यंत गेले असेन. आधी ओठ बधिर झाले. मग शिंप्याचा आवाज काचेच्या बाटलीतून यावा तसा यायला लागला. पाणी पाण्यासारखं दिसेना, रेशमासारखं दिसायला लागलं, आणि मला वाटलं, त्याला एकदा घडी घालून ठेवावं. घाम सुटला होता, थंड. पण वाईट वाटत नव्हतं रे, हेच तर भयंकर. किती गोड, किती हलकं. मी त्या रेशमात चालत जाणारच होते.

"मॅडम," शिंपी म्हणाला, "तुम्ही मला डावा पाय म्हणून तीनदा उजवा हात सांगितलात." आणि माझा दंड धरून मला पायरीवर बसवलं. मी चिडले त्याच्यावर. का चिडले कोण जाणे. तिकीटवालीने साखरपाणी आणलं, तूच लिहिलं होतंस तसं. प्यायले, पाव तास थांबून पुन्हा बोट टोचलं, मग बिस्किटं खाल्ली. हळूहळू भिंती घट्ट झाल्या.

त्यानंतर आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता ऑफिसात बसा. खोल पाण्यात तुम्हाला असं झालं तर?"

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या भरवशावर माणसं पाण्यात हात सोडतात. दोन दिवस मी ऑफिसात बसले. खिडकीतून तलाव दिसत नाही, नुसता भिंतीवरचा उजेड दिसतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना घेऊन साहेबांकडे गेले. ठरलं ते असं: प्रत्येक वर्गाआधी आकडा बघायचा, कमी असला तर उतरायचं नाही. काठावर साखरपाण्याची बाटली. खोल पाण्यात असताना दुसरा शिक्षक नजरेच्या टप्प्यात. आणि वर्गातल्या सगळ्यांना माझ्याबद्दल सांगायचं.

हे शेवटचं मला जमेना. मी काठावर उभी, ती सगळी माणसं पाण्यात, नुसती नाकं वर. मी म्हटलं, "मला मधुमेह आहे. मी विचित्र बोलायला लागले तर मला काहीतरी गोड प्यायला द्या."

मागून एक आजोबा म्हणाले, "विचित्र म्हणजे नेहमीपेक्षा किती?"

सगळे इतके हसले की पाणी हललं.

ताई


७ जून

माझ्या धाकट्या,

तुझी गाडी सुटली आणि मी स्टेशनवरून सरळ तलावावर आले. इथे आता कोणी नाही, दुपार आहे. तू सकाळी ज्या बाकावर बसला होतास तिथे बसून लिहितेय.

तू इतका पांढरा झाला असशील असं वाटलं नव्हतं. फलाटावर मी तुझ्या मागेच बघत होते, काळ्या केसांचा कोणी उतरतो का म्हणून. तू म्हणालास, "ताई, तू बारीक झालीस," आणि मग जीभ चावलीस.

काल जेवायला बसलो तेव्हा तू शर्ट वर केलास, मी पदर बाजूला केला, आणि दोघांनी एकाच वेळी टोचून घेतलं, हात धुवावेत तसं. घरात तिसरं कोणी नव्हतं. बघायला कोणी नव्हतं, अंगणात पळायला कोणी नव्हतं. तू म्हणालास, "तिरकी धरू नकोस, सरळ धर." मी म्हटलं, "शहाणाच आहेस." मग आपण जेवलो. किती वर्षांनी कोणाबरोबर जेवण इतकं चवीचं लागलं.

आणि मग तू म्हणालास की तुला पोहता येत नाही.

मला माहीतच नव्हतं! सगळ्या शहराला मी शिकवलं आणि माझा भाऊ कोरडा. "आई उतरूच द्यायची नाही," म्हणालास. "पाण्यात चक्कर आली तर, म्हणून. पुढे मीच म्हणायला लागलो, पाण्यात चक्कर आली तर." आणि आभाळं रंगवतोस. उताणं पडून आभाळ कसं दिसतं ते तुला ठाऊकच नव्हतं.

म्हणून सकाळी तुला इथे आणलं. दोघांनी बाकावर बसून बोटं टोचली, दोघांचे आकडे ठीक. बाटली काठावर. तिकीटवाली खिडकी सोडून बघायला आली, तिला वाटत होतं ती लपून बघतेय. तू पायऱ्या उतरलास, छातीपर्यंत आलास, आणि तुझे खांदे कानांपर्यंत चढलेले. मी म्हटलं, "मान मागे टाक. कान पाण्यात जाऊ दे. मी तळवा पाठीखाली धरलाय." आडवा झालास. लाकडासारखा ताठ होतास आधी. मग काचेतून उजेड आला, तुझ्या कपाळावर, पोटावर, सगळीकडे हलायला लागला, आणि तुझे हात आपोआप पसरले. तोंड किंचित उघडं. डोळे वर. नळीकडे टक लावून बघायचास तसाच, रंग बघायला मिळतोय म्हणून खूश.

किती वेळ होतास तसा! मी तुझ्याकडे बघत उभी होते. तुझे कान पाण्याखाली होते. मी काहीतरी बोलले, ते तुला ऐकू आलं नाही. तू नुसती भुवई उचललीस, काय म्हणून, आणि मी मान हलवली, काही नाही.

आणि आता स्टेशनवर, गाडी हलली तेव्हा, तू दारातून म्हणालास, "तुझा हात होता म्हणून जमलं, ताई. एकट्याने नाही जमायचं."

म्हणून लिहितेय. मी तेव्हा काय बोलले ते.

मी म्हटलं होतं, "हात मघाशीच काढलाय रे."

ताई